मामांकडे जा, पण त्यांना तुझं नाव देऊ नकोस

वाचकाचं पत्र:

मॅडम, नमस्कार. मी सांगोला तालुक्यातली, वय 23. यंदा स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी पहिल्या वर्गात झाली. घरी चार एकर डाळिंब होतं, तेल्या रोगाने निम्मी बाग काढावी लागली. धाकटा भाऊ बारावीला आहे. वडील म्हणतात, पुण्याला जाऊन दोन वर्षं अभ्यासिकेत बस, कनिष्ठ अभियंता होऊनच घरी ये. त्यासाठी ते कर्ज काढायला तयार आहेत. मामा पंढरपुरात रस्त्यांची, शाळाखोल्यांची सरकारी कंत्राटं घेतात. ते म्हणतात, माझ्याकडे ये, महिना 18 हजार देतो, शिवाय सुशिक्षित बेरोजगार अभियंता म्हणून तुझी नोंदणी करू, म्हणजे तूच कंत्राटदार होशील. माझी मैत्रीण पंचायत समितीत कंत्राटी अभियंता म्हणून लागली. ती म्हणते, इकडे ये, पुढे कायम करतात. तिघांचंही पटतं आणि तिन्ही वाटांची भीती वाटते. साइटवर मुलींना टिकता येतं का, तेही खरं खरं सांगा.

उत्तर:

मुली, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की ‘कंत्राट’ हा एकच शब्द तुझ्या पत्रात तीन निरनिराळ्या गोष्टींसाठी आला आहे. यात तुझा दोष नाही, सगळे तसंच बोलतात. मामांच्या पगारावर साइट इंजिनिअर म्हणून राहणं ही एक गोष्ट. स्वतःच्या नावावर नोंदणी करून निविदा भरणं ही दुसरी. आणि मैत्रिणीसारखं सरकारी कचेरीत बसून ठरलेल्या मुदतीपुरता पगार घेणं ही तिसरी. तिन्हींत पैसा वेगळ्या खिशातून येतो आणि काम बिघडलं तर फास वेगळ्याच माणसाच्या गळ्याला बसतो.

मैत्रिणीच्या नोकरीचं आधी बोलते, कारण तिच्याबद्दल थोडंच सांगायचं आहे. असे आदेश बहुधा 11 महिन्यांचे असतात, योजना चालू असेपर्यंत वाढत राहतात, आणि योजना संपली की जागाही संपते. ‘पुढे कायम करतात’ हे मी सरकारी बांधकाम खात्यात अभियंता होते तेव्हापासून ऐकते आहे. 2006 च्या उमादेवी निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की रीतसर भरतीतून न आलेल्या माणसाला केवळ बरीच वर्षं काम केलं म्हणून कायम होण्याचा हक्क मिळत नाही. त्यानंतर काही जणांना कोर्टातून दिलासा मिळालाही, पण त्यासाठी त्यांना उमेदीची वर्षं खर्ची घालावी लागली. सप्टेंबर 2023 मध्ये राज्य सरकारने नऊ खासगी संस्थांमार्फत मनुष्यबळ घेण्याचा निर्णय काढला, मुलं रस्त्यावर उतरली आणि ऑक्टोबरमध्ये तो मागे घेतला गेला. पण योजनांवरच्या कंत्राटी जागा त्याआधीही होत्या, आजही आहेत. मैत्रिणीला वाईट वाटेल असं काही बोलू नकोस. तिला एवढंच सांग की अनुभवाचा दाखला दरवर्षी लेखी घेत जा आणि अभ्यास सोडू नकोस.

आता वडिलांचं म्हणणं. ते चुकीचं नाही. ज्यांची बाग डोळ्यांदेखत गेली त्या माणसाला एक तारखेला येणारा पगार काय वाटतो, हे मला कुणी सांगायला नको. आकडे तुला ठाऊक असतील, तरी सांगते. कनिष्ठ अभियंत्याची वेतनश्रेणी 38,600 पासून 1,22,800 पर्यंत. 2025 मध्ये महागाई भत्ता मूळ पगाराच्या निम्म्याच्या वर गेला होता, त्यात घरभाडं धरलं तर पहिल्याच वर्षी एकूण पगार 60 हजारांच्या पुढे जातो. मामांचे 18 हजार त्यापुढे ठेवले की घरात वाद संपतो. पण हा पगार लागलेल्याचा आहे. लागेपर्यंतच्या वर्षांत महिन्याला शून्य येतो आणि पुण्यात खोली, मेस, अभ्यासिका मिळून दहा-बारा हजार जातात. दोन वर्षांचे अडीच-तीन लाख झाले. ते कर्जाचे असतील तर त्यावरचं व्याज धरायला विसरू नकोस.

शिवाय तुझ्या वडिलांच्या डोळ्यांपुढे सरकारी नोकरीचं जे चित्र आहे, ते माझ्या पिढीचं आहे. मला जुनी पेन्शन मिळते. 1 नोव्हेंबर 2005 पासून लागलेल्यांना ती नाही. त्यांच्या पगारातून 10 टक्के कापले जातात, सरकार 14 टक्के घालतं आणि ती रक्कम बाजारात गुंतवली जाते. त्यावरून मार्च 2023 मध्ये राज्यभर संप झाला, पुढच्या वर्षी निम्म्या पगाराइतक्या पेन्शनची हमी देणाऱ्या पर्यायाला राज्याने मान्यताही दिली. म्हणजे म्हातारपणाची सोय आहे, पण वडील समजतात तशी ती जुनी पेन्शन नाही. बदलीही धरून चाल. साधारण तीन वर्षांनी जागा बदलते, आणि पहिली नेमणूक सांगोल्याहून सहाशे किलोमीटरवर गडचिरोलीकडे झाली तरी तुला हजर व्हावं लागेल.

सगळ्यात अवघड भाग जाहिरातीचा. ऑक्टोबर 2023 मध्ये सार्वजनिक बांधकाम विभागाने 2109 पदं काढली, त्यात कनिष्ठ अभियंता स्थापत्यच्या 532 जागा होत्या. त्याच सुमारास जलसंपदा विभागाची 4497 पदांची जाहिरात आली. एका हंगामात एवढ्या जागा बघितल्या की मुलांना वाटतं, पुढच्या वर्षी पुन्हा येतील. तसं होत नाही. मोठी भरती येते, मग परीक्षा, निकाल, हरकती, कोर्ट, कागदपत्रांची पडताळणी, नियुक्तीपत्रं असं रेंगाळत राहतं आणि पुढच्या जाहिरातीचा पत्ता नसतो. खुल्या गटाला वयाची मर्यादा 38, मागासवर्गीयांना 43. ही सवलत मुलांच्या भल्यासाठी दिलेली आहे. तरीही तिशी ओलांडलेली, पदवीनंतर एक दिवसही साइट न पाहिलेली मुलं मला भेटतात तेव्हा पोटात तुटतं. त्यांना आता खासगीत कुणी शिकाऊ म्हणूनही घेत नाही, कारण त्या जागेवर 22 वर्षांचं पोर कमी पगारात मिळतं.

म्हणून दोन वर्षं नुसतं बसायला मी तुला सांगणार नाही.

मामांचा पर्याय दोन भागांत आहे आणि दोन्ही एकत्र बांधून तुझ्यापुढे ठेवला आहे. ती गाठ आधी सोडव.

पहिला भाग, पगारावर काम. हे तू कर. मी सरकारी बांधकाम खात्यात कनिष्ठ अभियंता म्हणून लागले आणि उपअभियंता म्हणून निवृत्त झाले, पण त्याआधी दोन वर्षं एका खासगी कंत्राटदाराकडे कालव्याच्या अस्तरीकरणावर होते. तिथे एका म्हाताऱ्या मिस्त्रीने मला शिकवलं की काँक्रीटमध्ये पाणी जास्त झालं हे स्लम्प कोन, म्हणजे काँक्रीटचा पातळपणा तपासायचा साचा, लावायच्या आधी फावड्यावरून कसं ओळखायचं. सळईच्या जाळीखाली कव्हर ब्लॉक ठेवले नाहीत तर दोन पावसाळ्यांनी स्लॅबच्या पोटाला गंज कसा फुटतो, मुरमाचा थर पाणी मारून दाबला की नुसता रोलर फिरवून दाखवला, खडीचा एक ब्रास, म्हणजे शंभर घनफूट, खरंच ट्रॉलीत मावतो का, हे सगळं मला कंत्राटदाराच्या बाजूला उभं राहून कळलं. पुढे माझ्या हातात मोजमाप पुस्तक, म्हणजे झालेल्या कामाची मापं लिहायची सरकारी वही, आलं तेव्हा ते ज्ञान उपयोगी पडलं. मोजमाप पुस्तकावर कनिष्ठ अभियंत्याची सही झाली की सरकारचा पैसा हलतो. अभ्यासिकेतून थेट खुर्चीत आलेल्या अभियंत्याला साइटवरचा मुकादम पहिल्याच दिवशी ओळखतो, आणि मग तो म्हणेल ते माप पुस्तकात चढतं. अशा सह्या केलेली चांगली, सरळ मुलं चौकशीत अडकलेली मी पाहिली आहेत. त्यांनी पैसे खाल्ले नव्हते. त्यांना गाडलेलं काम किती खोल आहे हे कळत नव्हतं, इतकंच.

तेव्हा मामांच्या साइटवरचं वर्ष हे परीक्षेच्या आड येणारं वर्ष समजू नकोस. या परीक्षांत तांत्रिक विषयाचा भार मोठा असतो, आणि ज्याने हाताने बार बेंडिंग शेड्यूल, म्हणजे सळयांच्या लांबी-वजनाचा तक्ता, केलं आहे त्याला सळईच्या वजनाचा प्रश्न पाठ करावा लागत नाही. मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि बुद्धिमापन मात्र रोज करावं लागतं. त्यासाठी पहाटेचे दोन तास ठेव. संध्याकाळवर विसंबू नकोस, साइटवरून आल्यावर डोळे मिटतात.

मामांकडे जाताना भाची म्हणून जाऊ नकोस. नेमणुकीचं पत्र मागून घे. पगार बँकेत जमा होऊ दे. मामांकडे वीस किंवा जास्त कामगार असतील तर भविष्य निर्वाह निधीचा कायदा त्यांना लागू होतो, तुझा क्रमांक काढायला सांग. मामांना हे परकेपणाचं वाटेल. मी ज्या कंत्राटदाराकडे होते त्याचं बिल अडकलं तेव्हा माझा चार महिन्यांचा पगार राहिला आणि तो शेवटपर्यंत मिळाला नाही, कारण माझ्याकडे एक चिठ्ठीसुद्धा नव्हती. घरचा माणूस असेल तर मागणं आणखी जड जातं, म्हणून आधीच लिहून घे. आणि मामांना सांग की मला नुसतं मजूर मोजायला उभं करू नका. तीन महिने साइट, मग बिलाचं काम. मोजमापं कशी घेतात, सरकारी दरसूचीतून दर कसा उचलतात, चालू बिल कसं लावतात, हे ज्याला येतं त्या बिलिंग इंजिनिअरला मोठ्या कंपन्यांतही मागणी असते. सरकारी निकाल लागला नाही तर तुझ्या हातात हे कसब असेल, आणि मामांच्या 18 हजारांत तुला अडकून राहावं लागणार नाही. मेट्रो, महामार्ग, पाणीपुरवठा यांची कामं करणाऱ्या कंपन्या आणि सल्लागार संस्था दोन-तीन वर्षांच्या अनुभवावर बऱ्या पगारावर घेतात. तिथेही बदली असतेच. एक प्रकल्प संपला की दुसऱ्या राज्यात.

आता दुसरा भाग. यावर मी थोडं जास्त बोलणार आहे, कारण तुझ्या पत्रात तू तो एका वाक्यात उरकलास.

सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांसाठी सरकारी कामांतला ठरावीक वाटा राखलेला असतो. बाकीचा मजूर सहकारी संस्थांना आणि खुल्या कंत्राटदारांना. पदवी घेतलेल्या मुलाने दुसऱ्याच्या दारात उभं न राहता स्वतः उभं राहावं, म्हणून ही सोय झाली, आणि तिच्या आधाराने खरोखर उभे राहिलेले अभियंते माझ्या ओळखीचे आहेत. पण त्यामुळे तुझ्या पदवीला बाजारात एक वेगळी किंमत आली आहे. मामांची नोंदणी खुल्या गटातली असणार, त्या राखीव कामांना त्यांना हात लावता येत नाही. तुझं नाव असेल तर येतो. मामा वाईट माणूस आहेत असं मी म्हणत नाही. हे इतकं सर्रास चालतं की त्यांना त्यात काही वावगं वाटतही नसेल.

पण बघ काय होतं. निविदा तुझ्या डिजिटल सहीने भरली जाते. करारनाम्यावर तुझी सही. जीएसटी क्रमांक तुझा, आयकराची नोटीस तुला. काम पूर्ण झाल्यावर दोष दायित्व कालावधीत, म्हणजे कंत्राटदाराने स्वखर्चाने दुरुस्ती करायच्या मुदतीत, रस्ता उखडला तर दुरुस्तीचं पत्र तुझ्या पत्त्यावर येतं, आणि केली नाही तर काळ्या यादीत तुझं नाव चढतं. डिजिटल सहीचं टोकन, म्हणजे ती पेनड्राइव्हसारखी काडी, मामांच्या टेबलाच्या खणात असेल तर तुझ्या नावावर किती निविदा गेल्या हेही तुला कळणार नाही. त्यात तू सरकारी परीक्षा देणार. नोकरी लागली की महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम, 1979 लागू होतात आणि खासगी धंदा करता येत नाही. त्या वेळी अर्धवट कामं, अडकलेल्या ठेवी आणि चालू जीएसटी खातं मागे ठेवून तू हजर कशी होणार?

‘नावापुरतं नाही, मी खरंच स्वतः काम घेईन’ असं तू म्हणशील, तर तो हिशेबही करू. समज, 10 लाखांच्या अंदाजपत्रकाचं गटाराचं काम निघालं. स्पर्धेत मिळावं म्हणून तू 12 टक्के खाली दर टाकलास आणि काम 8 लाख 80 हजारांना आलं. जीएसटी यात धरत नाही, तो 18 टक्के वेगळा. नीट काम करून दहा टक्के सुटले तर 88 हजार. सिमेंट-सळईवाला महिना-दीड महिना उधार देतो, मजुरांना मात्र आठवड्याचा बाजार चुकवता येत नाही. नव्या माणसाला बँक दारात उभं करत नाही, म्हणून 5 लाख बाहेरून शेकडा दोनने उचललेस. महिन्याचं व्याज 10 हजार. काम तीन महिन्यांत झालं, पण निधी आला नाही आणि पैसे उचलल्यापासून आठव्या महिन्यात बिल निघालं. व्याजाचे 80 हजार गेले. उरले 8 हजार. त्या बिलातूनही आयकराचा 1 टक्का आणि जीएसटीचे 2 टक्के आधीच कापले जातात. ते पुढे हिशेबात मिळतात, पण आज हातात येत नाहीत. सुरक्षा ठेव दोष दायित्व संपेपर्यंत अडकलेली. यात कुणी तुला फसवलं नाही, कुणाला काही द्यावं लागलं असंही मी धरलेलं नाही. आणि आठ महिने म्हणजे फार उशीर असंही समजू नकोस. 2025 मध्ये जलजीवन मिशनची आणि रस्त्यांची बिलं थकली म्हणून राज्यभर कंत्राटदारांना आंदोलनं करावी लागली. मोठ्या कंत्राटदाराची दहा कामं चालू असतात, एक बिल अडकलं तर दुसऱ्यावर निभावतो. तुझं एकच काम असेल आणि त्यासाठी वडिलांची जमीन गहाण असेल.

अभ्यासिकेतल्या मुलाला निकालाची वाट बघावी लागते, कंत्राटदाराला बिलाची. निकाल लांबला तर वर्ष जातं. बिल लांबलं तर वर्ष जातं आणि वर कर्ज राहतं. तुझ्या घराला आत्ता दुसरं परवडणारं नाही. तीस-बत्तीसाव्या वर्षी, हातात पाच-सात वर्षांचा अनुभव, स्वतःची थोडी शिल्लक आणि उधारी देणारे दोन-तीन दुकानदार असतील, तेव्हा स्वतःच्या नावावर कंत्राट घ्यायचा विचार जरूर कर. मी तेव्हा तुला अडवणार नाही.

तर माझं म्हणणं असं. वडिलांना कर्ज काढू देऊ नकोस. मामांकडे लेखी नेमणुकीने निदान एक वर्ष काम कर, नोंदणीला नाही म्हण. पगारातले पाच हजार परीक्षेसाठी बाजूला टाक. 2023 मध्ये खुल्या गटाला एका अर्जाची फी 1000 रुपये होती, आणि असे पाच-सहा अर्ज भरावे लागतात. बांधकाम, जलसंपदा, जिल्हा परिषद, नगरपरिषदा, लोकसेवा आयोगाची अभियांत्रिकी सेवा, जी जाहिरात येईल ती भर. जाहिरात आली आणि परीक्षेची तारीख लागली की शेवटचे दोन-तीन महिने साइट सोडून पूर्ण वेळ अभ्यास कर, तेवढ्यापुरती पुण्यात राहिलीस तरी चालेल. मोठ्या भरतीच्या दोन फेऱ्या मनापासून दे. दोन्हींत नाही झालं तर त्या दिवशी तुझ्याकडे तीन-चार वर्षांचा अनुभव असेल आणि तू खासगी कंपनीत चांगल्या जागी अर्ज करशील. ही दोन फेऱ्यांची गोष्ट वडिलांसमोर आजच बोलून ठेव. नंतर बोललीस तर ते तुझं हरणं समजतील.

नोकरी लागली आणि मामांचं काम तुझ्याच उपविभागात आलं, तर पहिल्या दिवशी वरिष्ठांना लेखी कळव आणि ते काम दुसऱ्या अभियंत्याकडे द्यायला सांग. मामांनाही हे आत्ताच माहीत असू दे.

मुलींना साइटवर टिकता येतं का, हे विचारलंस. येतं, पण सोपं नाही. माझ्या पहिल्या साइटवर संडास नव्हता. मी सकाळपासून पाणी पीत नसे, आणि त्याने पुढे मूतखड्याचा त्रास झाला. तू असं करू नकोस. मामांना सांग, पत्र्याचा का होईना, कडी लागणारा संडास आधी बांधा, मग मी येते. त्याचा उपयोग तिथल्या मजूर बायांनाही होईल, आणि त्या तुझ्या बाजूने उभ्या राहतील. अंधार पडायच्या आत परतायची गाडी ठरवून घे. रात्रीचा स्लॅब असेल तर एकटी थांबू नकोस. मिस्त्री पहिला आठवडा तुझ्याकडे बघून न बघितल्यासारखं करतील. भांडू नकोस. लेव्हल लाव, माप घे, चुकलेलं असेल तर त्यांना टेपवर दाखव. दोनदा तुझं माप खरं निघालं की तिसऱ्यांदा ते स्वतः विचारायला येतात.

सरकारी नोकरीत मुलींना 30 टक्के समांतर आरक्षण आहे, म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या जागांत तेवढा वाटा, 180 दिवसांची प्रसूती रजा आहे, मुलं लहान असताना संगोपनाची रजा आहे. खासगीतही दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे 26 आठवड्यांच्या प्रसूती रजेचा कायदा आहे, पण छोट्या कंत्राटदाराकडे तो पाळलेला मी क्वचितच पाहिला. तुझ्या पत्रात लग्नाचं काही नाही, पण वय 23 आहे म्हणजे घरात विषय निघत असणार. स्थळं बघताना ‘नोकरी लागली की बघू’ असं उत्तर देऊन ठेवू नकोस. मग तुझ्या लग्नाची तारीखही जाहिरातीवर अवलंबून राहते. ‘मी अभियंता आहे, साइटवर काम करते’ असं आत्ताच सांगायला लाग. पहिल्या महिन्याचा पगार झाला की तो ज्या तारखेला आला ती तारीख मला कळव.